शेवटच्या सीटवरचे गुरुजी

काशिनाथ गुरुजी भेटले की नमस्कार करत नाहीत. मनगट धरतात.

जव्हारच्या बाजारात तुम्ही वाकून मेथीची जुडी बघत असता. मागून एक कोरडा, गार हात येतो, अंगठ्याच्या बुडाशी तीन बोटं टेकतात आणि गुरुजी आभाळाकडे बघत उभे राहतात. तोवर आपण बोलायचं नसतं. मेथीवालीलाही ते ठाऊक आहे. ती भाव सांगता सांगता थांबते. मग गुरुजी हात सोडतात आणि निकाल देतात. "बरी चाललीय." किंवा, "पळतेय कशाला? कुणाशी भांडून आलास?" कधीकधी मात्र ते काहीच सांगत नाहीत. नुसतं "हं" करतात आणि चालू लागतात. ते सगळ्यात वाईट. त्या एका "हं"पायी आमच्या आळीतल्या शिंप्याने एकदा दिवसभर मशीनला पाय लावला नव्हता. शेवटी त्याच्या बायकोने गुरुजींना गाठून विचारलं, तेव्हा कळलं की त्या क्षणी गुरुजींना शिंक येऊ घातली होती.

गुरुजी आमचे शेजारी. आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच. सगळी नोकरी त्यांनी दाभोशाच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात काढली. बायको हृदयविकाराने गेली आणि ते जव्हारला राहायला आले, एवढंच आम्हाला माहीत होतं. आले तेव्हा मी शाळेत होते. सामान फार नव्हतं. एक कॉट, चार भांडी आणि शाळेने टाकून दिलेला मानवी हृदयाचा मोठा तक्ता. तक्ता त्यांनी ओट्यावरच्या भिंतीला लावला. दुसऱ्यांच्या ओट्यावर देवाची तसबीर असते, इथे लाल-निळं हृदय. माझी आई सुरुवातीला त्यासमोरून जाताना पदर सावरायची.

आळीतल्या आम्हा पोरांना गुरुजी त्या तक्त्याखाली बसवायचे.

"हृदय म्हणजे आपला जीपचा स्टँड," ते म्हणायचे. "स्टँड एक नाही, दोन. भिंतीला भिंत लागून. आपलं आणि बायच्या घराचं आहे ना, तसं." बाय म्हणजे मी. "उजव्या स्टँडवरून गाड्या फुप्फुसात जातात. तिथे ताजी हवा भरतात आणि डाव्या स्टँडवर येतात. डावीकडून सुटल्या की साऱ्या अंगात. आधी मोठा डांबरी रस्ता, ती धमनी. मग फाटे. मग पायवाटा, केसाहून बारीक. पार शेवटच्या पाड्यापर्यंत. तिथे माल उतरवायचा, कचरा भरायचा आणि शिरांच्या रस्त्याने परत उजव्या स्टँडला. मध्ये झडपा आहेत, त्या म्हणजे फाटक. एकदा गाडी पुढे गेली की मागे नाही."

"आणि चढ लागला तर?" आम्ही विचारायचो. आमच्याकडे रस्ता म्हटला की चढ आलाच.

"पायापासून वर सगळा चढच. तिथे पोटऱ्या ढकलतात. म्हणून चालायचं. बसून राहिलात की पोटऱ्या झोपतात आणि गाड्या तुंबतात."

मग ते आवाज खाली आणायचे. "आता सांगा, साऱ्या तालुक्याला माल पोचवणाऱ्या स्टँडला स्वतःची भाकरी कोण देतं? त्याच्याच अंगावरून बारीक वाटा जातात. त्या वाटांवर बिडीचा धूर, तूप, साखर, मीठ, राग, असं काहीबाही साचत जातं. आणि एक दिवस वाट बुजते. सगळ्यांना पोसणारा स्वतः उपाशी मरायला लागतो." इथे ते थांबायचे, आमच्याकडे एकेक करून बघायचे आणि आपलं आवडतं वाक्य टाकायचे: "लक्षात ठेवा, हृदय सीट भरायची वाट बघत नाही. भरली-रिकामी, गाडी सुटलीच पाहिजे."

मी भित्री नाही. मोर्चात मी पुढच्या रांगेत असते, आणि साहेब लोकांच्या टेबलासमोर माझा आवाज कापत नाही. पण त्या वयात गुरुजींनी माझ्या छातीत एक भीती ठेवली, ती अजून तिथेच आहे. आपण लक्ष दिलं नाही तर हृदय थांबेल, असं मला वाटायचं. शाळेत प्रार्थनेला सगळे हात जोडून उभे राहायचे. मी एक हात छातीवर धरायची. बाईंना वाटायचं, मुलगी फार भाविक आहे.

मोठं झाल्यावर कळलं की ती भीती बावळट नव्हती. आमच्या डोंगरात ती अगदी हिशेबी आहे. हृदयाचं मोठं काम निघालं तर घाट ओलांडून नाशिक, नाहीतर खाली ठाणे. मधल्या प्रत्येक वळणाला गाडी हळू होते आणि आतली वाट बुजत जाते. शहरातला माणूस छातीत दुखलं की डॉक्टरला भितो. आम्ही रस्त्याला भितो.

गुरुजींचं एका शब्दाशी वैर होतं. तो शब्द म्हणजे पित्त. कुणी सहज म्हटलं, "जरा पित्त झालंय हो," की गुरुजी हातातलं काम टाकून उलटतपासणी घ्यायचे. "कुठे दुखतं? जबडा? पाठ? खांदा? घाम आला? धाप लागते? मळमळतं?" समोरचा घाबरून म्हणायचा, "नाही हो गुरुजी, लग्नात बुंदी जास्त झाली." तरी सुटका नाही. "बुंदी होती की नाही ते डॉक्टर बघेल. चल." असे त्यांनी कितीतरी बुंदीवाले सरकारी दवाखान्यात नेऊन बसवले. तिथली सिस्टर त्यांना लांबून बघूनच म्हणायची, "आलं बाई पित्त."

लग्नात ते पंगतीत वाढप्याच्या मागोमाग फिरायचे आणि पानातलं लोणचं आणि मिठाची चिमूट उचलायचे. नवरीचं मनगटही एकदा धरलं. मांडवात गोंधळ उडाला, नवऱ्याचा मामा बाह्या सरसावून आला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "पोर घाबरलीय. सकाळपासून पाणी दिलंय का हिला?" दिलं नव्हतं. मामाच धावत पाणी आणायला गेला. एक तारपा नाच तेवढा गुरुजींना पसंत. पोरं-पोरी गोल धरून नाचायला लागली की ते कडेला उभं राहून समाधानाने म्हणायचे, "बघा, पोटऱ्या कशा चालल्यात! याहून चांगलं औषध नाही."

आणि मयताला गेले तरी तेच. लोक रडत असायचे, गुरुजी कोपऱ्यात एखाद्याला धरून दबक्या आवाजात विचारायचे, "घाम आला होता का? कुणाला काही बोलला होता का?" लोकांना ते आवडायचं नाही. मलाही नाही.

पण सगळ्यात जास्त चर्चा व्हायची ती त्यांच्या दाभोशाच्या फेऱ्यांची. रोज सकाळी गुरुजी जीपने दाभोशाला जायचे आणि दुपारच्या जीपने परत यायचे. काम काहीच नाही. शेत नाही, घर नाही, नातेवाईक नाही. नोकरी संपलेला माणूस रोज नोकरीच्या गावी कशाला जातो? जव्हारने याचं उत्तर केव्हाच शोधून ठेवलं होतं.

"दाभोशाला गुरुजींचं कुणीतरी आहे," आमच्या समोरच्या काकू आईला म्हणाल्या.

"अहो, या वयात?"

"रोज कुणाची नाडी बघायला जातात मग?"

त्यात त्यांच्या बसण्याचीही एक तऱ्हा. गाडी भरेपर्यंत ते आत बसायचेच नाहीत, दाभोशाच्या फाट्यावरच्या झाडाखाली येरझारा घालायचे. एक सीट उरली की मग चढायचे, मागच्या बाकावर दाराजवळ. एका हाताने वरचा गज धरायचे आणि दुसरा हात मांडीवर उताणा ठेवायचे, बोटं जराशी मिटलेली. पोरं हसायची, "गुरुजी भाडं मागतायत."

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळा तालुका दादा म्हणतो, म्हणून मीही दादाच म्हणते. दादांनी जन्मभर पत्रकं लिहिली. रोजगाराची, रेशनची, रस्त्याची, जमिनीची. आमच्या घरात पोरीच्या हातात पाटीआधी पत्रक आलं. उरलेल्या पत्रकांवर आई पापड वाळत घालायची, त्यामुळे आमच्या पापडाच्या पाठीवर उलट्या अक्षरात घोषणा उमटायच्या. गुरुजी तो पापड उजेडात धरून म्हणायचे, "घोषणा चालेल, वहिनी. मीठ कमी करा."

दादांची बिडी सुटत नव्हती. सभा असली की जेवण नाही, नुसता चहा. आणि जेवले तर सुक्या बोंबलाशिवाय घास उतरत नाही. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे. दादांच्या एका हातात बिडी, दुसरा हात गुरुजींच्या ताब्यात.

"दादा, ही नाडी आहे की मोर्चा?"

"गुरुजी, माझं काळीज जनतेचं आहे."

"मग जनतेचं सामान नीट वापरा."

दादांनी लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत त्यांना एकाचा फार अभिमान होता. पूर्वी दाभोशाच्या फाट्यावर ठेकेदार किंवा साहेब आला की ड्रायव्हरला दटावायचा, "काढ गाडी." तो एकटा पाय पसरून जायचा आणि डोक्यावर ओझं घेतलेल्या बायका फाट्यावर उन्हात राहायच्या. दादांनी ड्रायव्हर आणि गावकरी एकत्र बसवले, नियम केला आणि तो छापला: गाडी भरल्याशिवाय हलणार नाही, मग कुणी कितीही मोठा असो. ते पत्रक त्या रस्त्यावरच्या प्रत्येक जीपमध्ये काचेच्या वर डकवलं गेलं. नियम पाळला जातो. साहेबही बाईच्या कोंबडीशेजारी बसून वाट बघतो. मला तो नियम लहानपणापासून पाठ होता. अजूनही तो मला न्यायाचाच वाटतो.

भात कापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. दाभोशाला सभा होती, विषय रुग्णवाहिका. मी दादांबरोबर गेले होते. शाळेच्या पडवीत दादा बोलत होते आणि बोलता बोलता सारखे जबडा चोळत होते.

"दाढ ठणकतेय," खाली बसल्यावर म्हणाले.

जरा वेळाने सदऱ्याचं वरचं बटण काढलं. वारा गार होता आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. कुणीतरी म्हणालं, "पित्त असंल दादा. सकाळपासून चहावरच हायेत." कुणी ओवा दिला, कुणी सोडा आणायला पळालं. दादांनी ओवा चघळला. "पित्तच," म्हणाले. आणि मी, हृदयाच्या तक्त्याखाली वाढलेली पोरगी, मनातून हलकी झाले. काय सोयीचा शब्द आहे! त्याने सगळे सुटतात. रुग्णवाहिकेला फोन लावायचा विचार आला, पण गावात रेंज नव्हती, आणि पित्ताला कुणी रुग्णवाहिका बोलावतं का?

फाट्यावर मोहाच्या झाडाखाली येसूची जीप उभी होती. येसू त्या रस्त्यावरचा जुना ड्रायव्हर. आम्ही दोघं मागे बसलो. अजून दोन सीटा कमी होत्या. झाडाखाली गुरुजी नेहमीप्रमाणे येरझारा घालत होते. त्यांनी दादांकडे पाहिलं आणि त्यांचे पाय थांबले. आले आणि सरळ आत चढून दादांच्या समोर बसले.

येसू चकित झाला. "गुरुजी, अजून दोन कमी होत्या. तुम्ही आधीच बसले?"

गुरुजींनी दादांचं मनगट हातात घेतलं. आभाळाकडे बघितलं नाही. दादांच्या तोंडाकडे बघत राहिले.

शेजारची म्हातारी म्हणाली, "पित्त झालां हाय त्याला. कोकम पाजा, गुरुजी."

मी वाट बघितली. आता गुरुजी उसळणार, जबडा-पाठ-खांदा विचारणार, म्हातारीला झाडणार. गुरुजी गप्प. पित्त या शब्दावर ते गप्प बसलेले मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. तेव्हा मला खरी भीती वाटली.

"एक सीट! जव्हार, एक सीट!" येसू बाहेर उभा राहून ओरडत होता. त्याच्या प्रत्येक हाकेला गुरुजींचे खांदे आत ओढले जात होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. लग्नात, मयतात, बाजारात ज्या माणसाला गप्प करता येत नव्हतं, त्याला शब्द फुटत नव्हता. रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. सगळं गाव शेतावर.

"येसू, गाडी काढ," मी म्हटलं.

"नाही," दादा म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण तोच ठाम. त्यांनी काचेवरच्या पत्रकाकडे हात केला. "नियम आहे. माझ्यासाठी मोडला तर उद्या ठेकेदारासाठी मोडेल. येईल कुणीतरी. भरू दे."

येसू दाराशी घुटमळला. दादांच्या शब्दाबाहेर तो कसा जाणार?

"भरू दे," दादा पुन्हा म्हणाले आणि डोळे मिटले.

आणि गुरुजी ओरडले. शाळेच्या मराठीत नाही, वर्गातल्या आवाजात नाही. "चाल! येसू, चाल! चाल रे पोरा, चाल! मागल्या टायमाला मी बोललो नाय!"

येसूचा चेहरा पांढरा पडला. तो धावत जाऊन स्टिअरिंगवर बसला. गाडी हलली.

"गुरुजी... नियम..." दादा पुटपुटले.

"हृदय सीट भरायची वाट बघत नाही, दादा," गुरुजी अगदी हळू म्हणाले. पोरांना सांगताना म्हणायचे तेच वाक्य. पण या वेळी ते वाक्य नव्हतं, विनवणी होती.

तो रस्ता मला पाठ आहे. त्या दिवशी तो ओळखू येईना. प्रत्येक वळणाला गाडी कलायची, दादांचं डोकं माझ्या खांद्यावर आदळायचं आणि समोरून गुरुजी म्हणायचे, "आहे." पुढचं वळण. "आहे." मला वाटायचं, या वळणाला ते काहीच बोलणार नाहीत. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. दादांकडे बघायची हिंमत होत नव्हती. म्हातारी तोंडातल्या तोंडात कुठल्या तरी देवाला कोंबडा कबूल करत होती. मधल्या पाड्यावर उतरणारे दोघंजण होते; पाडा आला तरी त्यांनी "थांब" म्हटलं नाही. थेट जव्हारपर्यंत आले आणि मग उन्हातून पायी मागे गेले. त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

टेकाडावर रेंज आली तसा मी दवाखान्यात फोन केला. पोचलो तेव्हा दारात स्ट्रेचर होतं, आणि सिस्टर. गुरुजींना बघून ती या वेळी काही म्हणाली नाही. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी काढून बघितली, गोळ्या चघळायला दिल्या, इंजेक्शन दिलं आणि नाशिकला पाठवायची तयारी केली. "हृदयाचाच झटका आहे. वेळ काढला नाहीत ते बरं केलं," ते मला म्हणाले. दादांना मागच्या दाराने रुग्णवाहिकेत चढवायची धावपळ चालली होती, तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर आले. येसू जीपची काच पुसत होता. काच स्वच्छ होती.

"ताई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुजी मागल्या टायमाचं बोलले ना, ते मला बोलले."

मी नळ बंद केला.

"चांगुणाबाई. गुरुजींच्या बाई. अशीच कापणी होती. मी गाडीवर नवा होतो. बाई जबडा धरून आल्या, पाठ दुखते म्हणत होत्या. गुरुजी म्हणाले, पित्त झालंय, जव्हारला दाखवून आणतो. एक सीट कमी होती. मी विचारलं, काढू का? तर बाईच म्हणाल्या, भरू दे बाबा, सगळ्यांचं होईल ते आपलं. गुरुजी बाईंचा हात धरून बसले. मी आपला ओरडतोय, एक सीट, एक सीट. कुणी येईना. लय वेळ. मग एक म्हातारा आला, तेव्हा निघालो."

त्याने फडका पिळला. त्यात पाणी नव्हतं.

"वाटेत बाईंनी गुरुजींच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला आरशात दिसत होतं. वाटलं, डोळा लागला. शेजारी तान्हं घेतलेली बाई बसली होती. गुरुजी अक्षर बोलले नाहीत. स्टँडवर सगळी उतरली, तान्हं घेतलेली पण उतरली, तेव्हा म्हणाले, 'येसू, तेवढं आम्हाला दवाखान्यात सोड.' मी गाडी जोरात काढली. तर म्हणाले, 'सावकाश ने आता.'"

मागच्या बाजूने रुग्णवाहिकेचं दार उघडल्याचा आवाज आला.

"तेव्हापासून रोज येतात, ताई. एक सीट कमी असली की बसतात. म्हणतात, गाडी अडायला नको. एकदा मी पाया पडलो, म्हटलं गुरुजी, माझं चुकलं. तर मला म्हणाले, तू नियम पाळलास."

नियम. तो आमच्या घरात लिहिला गेला होता, पापड वाळत घालतो त्या कागदावर. जव्हारमध्ये कुणाला काही कळलं नाही, कारण वाट बघणं ही आमच्याकडे बातमीच नसते. आणि तो माणूस इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहिला, आमच्या ओट्यावर चहा प्यायला आणि ज्या हाताने ते पत्रक लिहिलं, त्याच हाताची नाडी रोज बघत आला.

नाशिकला दादांच्या बुजलेल्या वाटेत फुगा घालून ती उघडली, आत जाळीची बारीक नळी बसवली. दादा घरी आले. बिडी गेली, बोंबील गेले. रोज सकाळी गुरुजी त्यांना स्टँडपर्यंत चालवत नेतात आणि वाटेत बोलू देत नाहीत. दादांच्या मते ही हुकूमशाही आहे.

येसूचं बोलणं मी दादांना सांगितलं. पत्रकावर वाढले आहे, लपवाछपवी जमत नाही. संध्याकाळी गुरुजी ओट्यावर आले आणि सवयीने हात पुढे केला, तर दादांनी आपला हात दिला नाही. गुरुजींचाच हात दोन्ही हातांत धरला.

"गुरुजी, मला कधी बोलला नाहीत."

गुरुजींना समजलं. ते तक्त्याकडे बघत राहिले. "काय बोलणार, दादा? नियम चांगलाच होता. चांगुणा तुमच्या नियमाने नाही गेली. माझ्या 'पित्त' म्हणण्याने गेली. हृदयाची ती बुजणारी वाट मी वर्गात दरवर्षी फळ्यावर काढायचो. आणि घरात ओवा दिला."

"नियमात जागा ठेवायला हवी होती," दादा म्हणाले.

"मग आता ठेवा."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी उजेडात, आम्ही तिघं बसलो. आजारी माणूस असेल तर गाडी रिकामी असली तरी सुटेल, हे दादांनी लिहिलं. भाडं बुडलं तर ते गावाने भरावं, हे मी घातलं. गुरुजी म्हणाले, "लिही बाय. छातीत दाबल्यासारखं, जबडा, पाठ, खांदा दुखणं, थंडीत घाम, धाप, मळमळ. बाईमाणसाला छातीत दुखेलच असं नाही, हे ठळक लिही. आणि बाई 'भरू दे' म्हणाली तर ऐकू नका."

हे शेवटचं वाक्य पत्रकाच्या भाषेत बसत नव्हतं. मी खोडलं नाही.

पत्रकं डकवायला मी गुरुजींबरोबर दाभोशाला गेले. येसूने जुन्या पत्रकाच्या शेजारीच नवीन लावून घेतलं. परत निघताना मोहाच्या झाडाखाली दोन सीटा कमी होत्या. गुरुजी नेहमीच्या जागी, दाराजवळ बसले. मी त्यांच्या शेजारी. एक हात वरच्या गजाला. दुसरा मांडीवर उताणा, बोटं जराशी मिटलेली.

गाडी हलली. मी त्या हाताकडे बघत होते. लहानपणी आम्ही हसायचो तो हात. बोटांच्या मधे जागा होती, एका मनगटाएवढी.

पहिल्या वळणाला मी माझं मनगट त्या जागेत ठेवलं.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर कापलेली शेतं मागे जात होती. जरा वेळाने बोटं मिटली.

"आहे," ते म्हणाले.